थोट्या मुगाची राखण

चौदा वर्षांत आकाराम सरतापेनं सांगलीत साधी खाटसुद्धा घेतली नाही. आज ना उद्या म्हसवडला जायचंच आहे, मग सामान कशाला वाढवा, असं त्याचं म्हणणं. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागामागं पाण्याच्या पंपाची खोली होती. तिथं एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, एवढ्यावर त्याचं भागत होतं. आई, बायको मनुबाई आणि मुलगी अंकिता म्हसवडला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो गावी जाई आणि रविवारी संध्याकाळी परत येई. अंकिता चार वर्षांची असताना एकदा दारातनं आत ओरडली होती, "आये, पावणं आलं!" सगळे हसले. आकारामही हसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

विभागात तो परिचर होता. त्याच्या नोकरीच्या कागदावर झाडलोट, काचसामान धुणं, रोपांना पाणी घालणं अशी कामं लिहिलेली होती. त्याला ज्या कामानं बांधून ठेवलं होतं, ते त्या कागदावर कुठंच नव्हतं.

विभागप्रमुख चौगुले सरांनी ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराला मुगाचं बियाणं मुंबईला नेऊन त्यावर किरणांचा मारा करून आणलं होतं. दुसऱ्या पिढीत त्यातनं एक विचित्र रोप निघालं. मूग भिजत घातला की मोड येतो, हे कुणाही बाईला ठाऊक असतं. तो मोड म्हणजे रोपाचं मूळ. ह्या रोपाला तो मोडच येईना. दाणा फुगायचा, फुटायचा, दोन जाड हिरव्या डाळिंब्या उघडू बघायच्या, पण खाली मूळ म्हणून काही नाही. बाराव्या दिवशी ते सुकून जायचं. विभागात त्याला सगळे 'थोटं' म्हणत.

सरांनी आयुष्य त्या थोट्यामागं लावलं. अशा रोपाला बी कुठून धरणार? ते तर बाराव्या दिवशी मरतं. मग त्याचा वंश टिकवायचा कसा? तर त्याच्या धडधाकट भावंडांकडून. थोटं निपजवण्याचा दोष काही भावंडांच्या पोटात लपलेला असतो. वरून मात्र ती चांगल्या झाडांसारखीच दिसतात. म्हणून प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या खुडायच्या, प्रत्येकाची पुडी वेगळी करायची, आणि प्रत्येक पुडीतले बारा दाणे वाळूत पेरून बघायचे. ज्या पुडीत थोटं निघेल ती पुडी मोलाची, आणि जिच्यातली बाराच्या बारा रोपं छान वर येतील ती बिनकामाची.

हे ऐकायला सोपं. करायला बसलं की भले भले चुकत. आकारामच्या आधी तीन माणसं ह्या कामावर झाली. तिघेही चांगल्या घरचे, पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेले. आणि तिघांनीही, कधी ना कधी, सांगितलेलं विसरून, चांगलं बियाणं ठेवलं आणि खराब टाकलं. त्यांचा इलाज नव्हता. आजा-पणज्यापासून हातांना तीच सवय. सरतापेंच्या घराला जमीन कधीच नव्हती. आकारामचा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबला, पण बियाणं निवडायला त्याला कुणी बसवलं नव्हतं. त्यामुळं आकारामला काही विसरायचंच नव्हतं. सरांनी सांगितलं तसं तो शिकला. वाळूत नुसता पडून राहिलेला दाणा बघून तो सांगे, हा गणंग आहे, हा कुजलाय आणि हे थोटं. गणंग म्हणजे भिजता भिजेना असा टणक दाणा. तिघांतला फरक सरांनाही भिंगाशिवाय कळत नसे.

शहाण्णव साली सरांना परदेशातनं एक पत्र आलं. तिकडं दुसऱ्याच एका झाडात असाच दोष सापडला होता आणि त्यामागचं जनुकही. त्या दिवशी सरांनी आकारामला फळ्यासमोर बसवून समजावलं.

"हे बघ, झाडाच्या प्रत्येक पेशीत माल तयार होत असतो. तो इवल्या इवल्या पिशव्यांत भरून इकडून तिकडं न्यावा लागतो. कुठली पिशवी कुठल्या कडेला जायची, हे ठरवायला एक जनुक लागतं. आपल्या मुगात तेच बिघडलं असणार. माल तयार, पिशव्या भरलेल्या, पण जागच्या जागी. मग रोपाला वर कुठलं आणि खाली कुठलं हेच कळत नाही."

आकारामनं जरा विचार केला. "म्हंजे सर, ष्ट्यांडात गाड्या हायत, डायवर हाय, पाशिंजर बी बसलंय. फकस्त कंट्रोलर न्हाई."

सर खूप हसले. पुढं वर्गात शिकवताना ते हेच उदाहरण देऊ लागले.

म्हसवडचं हायस्कूल कॉलेजच्याच संस्थेचं होतं. बदली होण्यासारखी होती. फक्त विभागप्रमुखाची ना हरकत लागायची. आकाराम दर एप्रिलला अर्ज करी आणि सर दर एप्रिलला त्यावर लिहीत, 'विभागाची गैरसोय होईल.' असे अकरा अर्ज झाले. सर वाईट नव्हते. आकारामच्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ते स्वतः मोटार घेऊन म्हसवडपर्यंत आले होते. पण ना हरकत म्हटलं की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. बियाणं ते कुणाला पाठवतही नव्हते. आपलं काम दुसरा कुणी उचलेल, ही धास्ती. त्यामुळं साऱ्या जगात तो मूग फक्त त्या विभागातल्या पत्र्याच्या डब्यात होता आणि तो राखणारा माणूस पंपाच्या खोलीत.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये शाळेच्या स्थानिक समितीचे लालासाहेब यांनी निरोप धाडला. जुना शिपाई मे-अखेर निवृत्त होतोय, सोमवारी नऊ जूनला शाळा उघडेल तेव्हा आकाराम हजर पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस घेणार. दुसऱ्या जागेवरचा शिपाई तिशीतला. म्हणजे पुन्हा जागा निघेपर्यंत आकारामच निवृत्त व्हायचा.

मनुबाईनं सरळ सांगितलं, "आवं, सा वरीस झालं, सासूबाईस्नी मी एकटी उचलतीया, एकटी न्हाऊ घालतीया. ह्या टायमाला आला न्हाईत, तर परत आरज बी करू नका आन्‌ मला सांगू बी नका."

बारावा अर्ज घेऊन आकाराम सरांपुढं उभा राहिला आणि पहिल्यांदाच अर्ज ठेवून माघारी फिरला नाही. सरांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तुझ्या जागी कुणाला तरी तयार कर. मग देतो."

त्यानं भामाबाईला निवडलं. कॉलेजच्या बागेत रोजंदारीवर असलेली पन्नाशीची विधवा. माहेर शिराळ्याकडचं. नजर घारीची. उन्हाळी मुगाच्या शेंगा तिनं त्याच्याबरोबर खुडल्या, पुड्या बांधल्या, बारा-बारा दाणे पेरले. चोपन्न पुड्या निघाल्या. पस्तीस थोटं देणाऱ्या, एकोणीस स्वच्छ.

"मावशी, ह्या पस्तीस जपायच्या. डोळ्यांत तेल घालून."

"व्हय रं बाबा. धा डाव सांगितलंस. उलटं काम हाय तुमचं, पर ध्यानात हाय माझ्या." ती हसली. "लेकीला स्थळ बघताना आमी बी असंच करतो का? थोटा नवरा शोधत बसतो का?"

सरांनी ना हरकतीचं पत्र टाइप करून घेतलं, सही केली आणि टेबलाच्या खणात ठेवलं. आकाराम दोन दिवसांसाठी म्हसवडला गेला, लालासाहेबांना भेटून आला. तीस मेच्या शुक्रवारी दुपारी तो परत आला, तेव्हा भामाबाई विभागाच्या ओट्यावर पुड्या पसरून बसली होती. पुड्यांतल्या दाण्यांना राख आणि एरंडेल चोळलेलं. ती खुशीत होती.

"बरं झालं मी हुते म्हून. डब्यात भुंगा शिरला हुता आकाराम! पोरकिडं नुसतं! काल सकाळी उघडलं तर पीठ गळाय लागलेलं. मी आधी ह्या काढल्या, ऊन दावलं, राख लावली. सगळं वाचीवलं बघ."

आकारामनं पुड्या मोजल्या. एकोणीस होत्या.

"बाकीच्या?"

"त्या का? त्यास्नीच तर भुंगा जास्ती. तसलं कीड लागल्यालं, त्यात थोटं निपजणारं. त्यापायी ह्यो चांगला दाणा नासवायचा व्हय? भरडलं आन्‌ म्हशीला चारलं."

ती बोलता बोलता थांबली. त्याच्या तोंडाकडं बघता बघता तिच्या हातातली राख खाली सांडली.

"आगं आये," ती हळूच म्हणाली. "मी काय केलं रं?"

तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. पण भुंगा बघितल्याबरोबर डोक्यातलं ठाऊक असलेलं बाजूला राहिलं आणि हातांनी हातांचं काम केलं. कीड लागली की आधी चांगलं बियाणं वाचवायचं, ही तिच्या आईनं, आजीनं लावलेली सवय. मागच्या वर्षीचं बियाणं भुंग्यानं आधीच संपवलेलं होतं.

आकाराम पायरीवर बसला. त्याच्या मनात एकच गोष्ट आली आणि ती त्याला नीट, स्वच्छ दिसली. सर आता हे बियाणं पावसाळ्यात पेरतील. थोटं एकही निघणार नाही. हे कळेस्तोवर जुलै संपेल. तोवर आपण म्हसवडच्या शाळेत घंटा देत असू. पत्र खणात आहे. सही झालेली आहे.

"तू बोलू नगंस," भामाबाई म्हणाली. "माझं काय, रोजावरची बाई. लय झालं तर घालवत्याल."

नेमकं तेच त्याला नको होतं. गप्प बसलं तर जुलैत सगळं खापर तिच्यावर फुटणार. आकाराम उठला आणि सरांच्या खोलीत गेला.

"सर, भुंगा लागला. पस्तीस पुड्या गेल्या. मी गावाला जायला नको हुतं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सोळा वर्षांचं काम होतं.

आकारामच्याच तोंडून निघून गेलं, "एकोणीस हायत. बारा दाण्यांवर आपण पुडी स्वच्छ धरतो. पर बारा म्हंजे थोडंच. एखादी चुकून निसटली आसंल. साठ-साठ दाणं पेरलं तर..."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सरांनी मान वर केली. "किती दिवस?"

"आठ."

"उद्या वाळू धुऊन घे, परवा पेर. म्हणजे आठ दिवस भरतात पुढच्या रविवारी, आठ जूनला. तोपर्यंत काही निघालं नाही, तर पत्र घे आणि जा. मी अडवणार नाही." चष्मा परत लावत ते म्हणाले, "निघालं, तर तूच सांग मला, आकाराम. ते रांगेला लावायला दुसरं कोण आहे?"

आकाराम ट्रे मोजायला बाहेर गेला.

एक जूनला त्यानं एकोणीस ट्रे भरले. तो आठवडा कसा गेला ते त्याचं त्याला ठाऊक. पाचव्या दिवशी सतरा-अठरा ट्रे हिरवेगार झाले. हजारभर रोपं, प्रत्येकाचं मूळ ठणठणीत. असला सुरेख उगवलेला मूग बघून कुठलाही शेतकरी सुखावला असता. आकारामही सुखावत होता, पण कारण वेगळं. तो रोज सकाळी पहिल्या ट्रेपासून शेवटच्या ट्रेपर्यंत वाकून जाई आणि काही नाही दिसलं की त्याच्या मनात म्हसवडची गाडी सुरू होई. मग लगेच स्वतःचीच लाज वाटे. चौदा वर्षं ज्याला जपलं ते मेलेलं असावं म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलोय, असं वाटे. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली राहणाऱ्यानं कुठले देव पाण्यात घालायचे, असंही वाटे.

अकरा नंबरच्या ट्रेमध्ये काही दाणे नुसते पडून होते. शुक्रवारी तो स्वतःला म्हणाला, गणंग असतील. शनिवारी म्हणाला, कुजले असतील. जन्मात तो ह्या तिघांत चुकला नव्हता, आणि आता दोन दिवस मुद्दाम चुकून बघत होता.

आठ जूनला, रविवारी, उजाडताच तो जाळीघरात गेला. भामाबाई आधीच येऊन बसली होती. अकरा नंबरच्या ट्रेमध्ये डाळिंब्या उघडल्या होत्या. जाड, हिरव्या, वाळूवर आडव्या पडलेल्या. खाली मूळ नाही. त्यानं मोजली. साठात तेरा.

"तेच हायत न्हवं?" भामाबाईनं विचारलं.

"तेच."

बाहेर सडकेवर एक सायकल गेली. दोघं ट्रेच्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते.

"आकाराम," ती म्हणाली, "सर साडेआठला येत्यात. हिथं मांजरं लय माजल्यात. काल बी एक कुंडी पाडली."

तो तिच्याकडं वळला.

"मी उपडा करते ट्रे. मांजरानं पाडला म्हनायचं. वाळूत कालवलं की कुनाच्या बापाला कळतंय? माझ्यापायी हे झालं. माझ्या हातानंच निस्तरू दे. तू जा तुझ्या पोरीकडं."

तिनं ट्रेच्या कडेला हात लावला. आकारामला वाटलं, करावं हिनं. आपण काही बोलू नये, नुसतं दुसरीकडं बघावं, आणि मागं वळेस्तोवर झालेलं असावं. तो खरंच दुसरीकडं बघू लागला. जाळीतनं ऊन आलं होतं. ती मात्र ट्रे उलटेना. ती त्याच्या 'हो'ची वाट बघत होती आणि तो तिच्या हाताची.

"आरं बोल की काय तरी," ती कळवळून म्हणाली. "एक शबुद बोल."

त्यानं ट्रेकडं बघितलं. तेरातलं एक थोटं जरा तिरकं झालं होतं आणि त्याच्या डाळिंब्यांवर वाळूचे कण बसले होते. त्याचं बोट सवयीनं पुढं गेलं आणि ते कण झटकून आलं. तेवढ्यानंच त्याला कळून चुकलं.

"ऱ्हाऊ द्या, मावशी."

"आरं, लय येडा हायस गड्या तू!" तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. "लय म्हंजे लयच येडा हायस."

सर आले, वाकले, भिंग लावलं. "तेरा," ते म्हणाले, "तेरा!" त्यांनी आकारामचा खांदा घट्ट धरला. मग त्यांना खणातलं पत्र आठवलं आणि हात आपोआप खाली आला. "मी लालासाहेबांना लिहितो," ते म्हणाले. "दोन-तीन महिने थांबा म्हणून कळकळीनं लिहितो. पुढच्या वर्षी तर नक्कीच..."

"व्हय सर," आकाराम म्हणाला. लालासाहेब दोन दिवससुद्धा थांबणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी दहा वाजता मनुबाई म्हसवडच्या पेठेत अर्जुनाच्या दुकानातल्या फोनवर येऊन थांबणार, असं ठरलेलं होतं. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"निघालाय न्हवं? दुपारच्यानं येताय का सांजच्यानं? अंकीनं तुमच्या पेटीला जागा केलीया, तिची पुस्तकं सगळी माळ्यावर टाकली."

"मनू, तेरा निघाली."

"कसली तेरा?"

तो सांगू लागला. मूळ नसलेली रोपं, त्यांच्या पोटातलं ते जनुक, माल तयार असून जागच्या जागी अडकलेल्या पिशव्या. सांगता सांगता त्याचं त्यालाच ऐकू येईना. पलीकडनं पेठेतला गलका तेवढा येत होता.

"मनू?"

"ऐकतीया."

"सर म्हणलं, पुढल्या वर्षी..."

"आवं, त्यास्नी काय म्हनायचं ते म्हनू द्या." तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्तच घाबरला. "तुमास्नी कुनी बांधलं हुतं का आज? खरं सांगा. कुनी हात धरला हुता?"

"न्हाई."

"मग झालं की. सासूबाईस्नी उठवायचं हाय. ठेवते मी."

तो परत आला तेव्हा भामाबाई अकरा नंबरच्या ट्रेपाशी मांजरं हाकायला काठी घेऊन बसली होती. थोटी तेरा रोपं सरांनी कापून बाटलीत भरून आत नेली होती. ती तशीही जगणार नव्हती. ट्रेमध्ये राहिली होती सत्तेचाळीस धडधाकट रोपं, एकसारखी, तजेलदार.

आकारामनं कुंड्या ओढल्या, माती भरली आणि एकेक रोप मुळासकट अलगद उचलून लावायला सुरुवात केली. एका कुंडीत एक. त्यांतली कोणती पोटात दोष बाळगून आहे आणि कोणती नाही, हे कळायला ऑगस्टअखेर होणार होती. तोवर सगळी सारख्याच मायेनं जपायची होती.

"पाणी घालू का?" भामाबाईनं विचारलं.

"घाला. पर मुळाशी, मावशी. पानांवर नको."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, म्हसवडची शाळा भरायच्या वेळेला, अकरा वाजता कॉलेजची घंटा झाली तेव्हा तो बत्तिसाव्या कुंडीवर होता.